घराच्या चालीनं

चार महिन्यांत अकरा देश.
वहीत सगळं आखलेलं: तारखा, बस, पलंगाचा नंबर,
जे बघून झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण.
ला पाझमध्ये मी दीड दिवस होते.
त्यातला एक डोकं दुखण्यात गेला,
अर्धा धुणं कुठे टाकायचं ते शोधण्यात.
तरी खूण केलीच.

मग कुठल्याशा शहरात पहाटे जाग आली
आणि संडास कुठल्या हाताला, ते आठवेना.
भिंत चाचपत मी मागच्या शहरातल्या दारापाशी गेले.
तिथे कपाट होतं.

चिलोए बेटावर तीन रात्रींसाठी उतरले,
एउदुलिया चिग्वायकडे, स्वयंपाकघराच्या वरची खोली.
खालच्या चुलीची ऊब फळ्यांच्या फटींतून येई,
सोबत ओल्या लोकरीचा आणि माशाचा वास.
दुसऱ्या दिवशी ती म्हणाली,
शनिवारी भावाचं घर जायचंय.
माझं स्पॅनिश कच्चं.
मला वाटलं, भावाच्या घरी जायचंय.
नाही.
घरच जायचं होतं.

पलीकडच्या वाडीत, खाडीला वळसा घालून.
काचा आधीच काढून गवतात ठेवलेल्या,
खाली ओंडके, पुढे सहा बैलजोड्या,
आणि सगळा गाव, चिखलात, फुकट,
जेवणाच्या बोलीवर.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं मी मिरवत आले होते.
इथे बिऱ्हाड पुढे निघालं होतं
आणि माणसं त्याच्या मागून चालली होती.
बिनकाचेच्या खिडकीत मांजर बसलेलं,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारपर्यंत शंभरेक पावलं झाली असतील.
मी घड्याळ बघत होते. सवय.
रोसामेलला विचारलं, संध्याकाळी पोचेल?
तो सत्तरीचा, दोराला हात लावून चालणारा.
म्हणाला, बैलांना मी अंतर सांगत नाही.
दोर गायला लागला की थांबायचं,
नाहीतर तुटतो, आणि माणसं मारतो.
दोर जमिनीवर लोळायला लागला की हाकायचं,
नाहीतर घर रुततं.
बास. एवढंच.

घर त्या रात्री रस्त्यातच राहिलं.
दारासमोर जाळ केला, बटाटे भाजले,
आतून काळेनिळे, राखेचे.
कुणीतरी पायरीवर बसून बूट काढले,
जणू ते कायमचं तिथलंच.
जुन्या मराठीत मजल म्हणजे एका दिवसाची चाल.
कोस नव्हे, चाल.
बैल दमला की मजल संपली,
हे मला ठाऊक होतं, शब्दकोशातून.

माझा दोर लिमापासून गात होता.
मला वाटत होतं, ते वाऱ्याचं असेल.

तीनाच्या एकवीस रात्री झाल्या.
इथे थांबते तर बरं, पण तसंही नाही.
कोणता कुत्रा कुणाचा, हे कळायला लागलं,
पावाचा भाव वाढला म्हणून मीही कुरकुरले,
एउदुलियाची बहीण कुणाशी बोलत नाही आणि का,
तेही कळलं, आणि मी एक बाजू घेतली.
मग एका मंगळवारी दिवसभर
चुलीपाशी पाय पसरून बसले
आणि खिडकीबाहेर बघितलंच नाही.
पाऊस होता की नव्हता, सांगता येणार नाही.
पायाशी दोर लोळत पडलेला.

एउदुलियानं थांब म्हटलं नाही.
तिनं पिशवीत बटाटे बांधले
आणि मोजे वाळलेत का, ते बघितलं.

बोटीवर वही काढली.
पुढच्या गावाचं नाव लिहिलं, रात्रींचा रकाना कोरा ठेवला.
हात राहीना.
पेन्सिलीनं लिहिलं, चार.
खोडलं. सहा.
खोडलं. कागद तिथे पातळ झाला,
पलीकडचं पान दिसायला लागलं.

बेट धुक्यात गेलं होतं.
पिशवीत हात घातला.
बटाटा अजून गरम होता.
म्हणजे फार लांब आले नव्हते.